‘नॅनो’ लिहिलेला कुजणारा मल्चिंग पेपर घेताना

टरबूज, खरबूज, मिरची, टोमॅटो लावणाऱ्या वाचकांकडून सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. ‘दुकानदार म्हणतो, हा पेपर जमिनीत कुजतो, वर नॅनो खनिज आहे म्हणून फाटतही नाही. घ्यावा का?’ दुसरा प्रश्न बचत गटांचा आणि एमआयडीसीत छोटे युनिट टाकू पाहणाऱ्या तरुणांचा. ‘पीएलएचे दाणे आणून त्यात खडूची किंवा मातीची पावडर मिसळली तर पिशवी स्वस्तही पडेल आणि मजबूतही होईल ना?’

गफलत दोन्हीकडे एकच आहे. नॅनो युरियाच्या बाटल्या 2021 पासून कृषी सेवा केंद्रात दिसू लागल्या आणि ‘नॅनो’ म्हटले की काहीतरी भारी, असा समज होऊन बसला. खनिजाचा बारीक कण प्लास्टिकला ताठ करतो, कधी मजबूत करतो, बऱ्याचदा स्वस्त करतो. न कुजणाऱ्या प्लास्टिकला तो कुजवत नाही. कुजणे हे मूळ प्लास्टिकच्या जातीवर ठरते. म्हणून खरेदीला जाताना क्रम असा ठेवा: आधी मूळ प्लास्टिक कोणते, मग ते कुठे आणि किती दिवसांत कुजते याचा कागद, आणि खनिजाची चौकशी सगळ्यात शेवटी.

खनिज नेमके काय करते

कुजणाऱ्या प्लास्टिकची दोन नावे लक्षात ठेवा, पीएलए आणि पीबीएटी. पीएलए साखरेपासून किंवा मक्यापासून बनते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगारांचा कोयता ज्या उसावर चालतो, त्याच उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए करता येते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला असा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. हे प्लास्टिक ताठ, पण ठिसूळ. थोडे ताणले की तुटते. पीबीएटी उलट, रबरासारखे ताणले जाते, पण लुळे. ते सहसा खनिज तेलापासून बनते, तरी कुजते. कुजणारा मल्चिंग पेपर बहुतेक वेळा पीबीएटीत थोडे पीएलए किंवा स्टार्च मिसळून केलेला असतो.

या मिश्रणात खनिज घालायचे कारण माळवदाच्या घरांना पांढऱ्या मातीत भुसा कालवून गिलावा करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. फरक आकाराचा. बेंटोनाइट मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज नीट सुटे झाले तर त्याचा एकेक पापुद्रा सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे 1 ग्रॅम खनिज पूर्ण सुटे झाले तर त्याचे पृष्ठफळ 700 चौरस मीटरच्या पुढे जाते. म्हणून शंभर किलोत दोन ते पाच किलो एवढेच पुरते. पापुद्रे आडवे पसरले की वाफेला आणि हवेला वळसे घालत जावे लागते, त्यामुळे ओलही थोडी जास्त टिकते. साधी खडूची पावडर मात्र 20-30 टक्के घालतात, आणि तिचा मुख्य हेतू भाव कमी करणे हाच असतो.

आता दुसरी बाजू, जी विक्रेता सांगत नाही. खनिज वाढले की ताठरपणा वाढतो आणि ताण सोसण्याची क्षमता बहुधा घटते. पाच टक्क्यांच्या पुढे नॅनो कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि पेपर नेमका त्या गुठळीपाशी फाटतो. ट्रॅक्टरच्या मल्चिंग यंत्राने पेपर ओढून अंथरताना तुम्हाला ताठरपणा नको असतो, ताण हवा असतो.

दुकानात विचारायचे प्रश्न

- मूळ प्लास्टिक कोणते? उत्तर ‘पॉलिथिन’, ‘एलडीपीई’ किंवा ‘ऑक्सो’ आले तर चर्चा तिथेच थांबवा. ऑक्सो म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये उन्हाने तुकडे पाडणारे रसायन घातलेले. तुकडे होतात, कुजत नाहीत. तुमच्या रानात ते बारीक होऊन राहतात.
- कुजतो तो कंपोस्टमध्ये की मातीत? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे आयएस/आयएसओ 17088 या मानकानुसार सुमारे 58 अंश तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये सहा महिन्यांत 90 टक्के कुजणारे. घरामागच्या उकिरड्यात ते तापमान टिकत नाही, रानात तर नाहीच. नुसत्या पीएलएचा पेपर मातीत वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. मल्चिंगसाठी वेगळी मानके आहेत: युरोपचे ईएन 17033 (2018) आणि आयएसओ 23517 (2021). ईएन 17033 प्रमाणे 20 ते 28 अंश तापमानाच्या मातीत दोन वर्षांत 90 टक्के कुजावे लागते.
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र कुठे आहे? प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टेबल किंवा बायोडिग्रेडेबल म्हणून माल विकण्याआधी ते लागते. त्याचा क्रमांक घ्या आणि मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव ताडून पाहा.
- लेबलवर काय आहे? मार्च 2024 च्या दुरुस्तीनुसार बायोडिग्रेडेबल प्लास्टिक म्हणजे माती, पाणी अशा ठरावीक ठिकाणी जैविक क्रियेने, सूक्ष्म प्लास्टिक मागे न ठेवता विघटित होणारे. त्यामुळे ‘किती दिवसांत’ आणि ‘कुठे’ हे दोन्ही लिहिलेले हवे. नुसते हिरवे पान आणि ‘इको’ असे छापलेले असेल तर ते चित्रच समजा.
- तांत्रिक पत्रकात ताणशक्ती आणि ताणले जाण्याची टक्केवारी लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी दिली आहे का? एकाच दिशेची दिली असेल तर दुसरीकडे कमकुवत असण्याची शक्यता धरा.

पाण्याची साधी परीक्षा, आणि तिची मर्यादा

पेपरची दोन बोटे रुंद पट्टी कापा. साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी चोळून घ्या, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. मग स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात पट्टी तळापर्यंत दाबा आणि सोडा. साध्या पॉलिथिनची घनता 0.92 च्या आसपास, ते पाण्यापेक्षा हलके. पट्टी वर येईल. पीएलए आणि पीबीएटी दोघांची घनता 1.2 च्या वर. पट्टी तळाशी राहील. पट्टी तरंगली तर तो पेपर पीएलए-पीबीएटीचा नाही, हे दुकानातच कळले.

बुडाली म्हणून मात्र खूश होऊ नका. पॉलिथिनमध्ये वजनाने 30 टक्के खडू घातला तर त्याची घनता 1.15 च्या जवळ जाते आणि तेही बुडते. खनिज घातलेला नकली माल या परीक्षेत नेमका असाच पास होतो. म्हणून ही परीक्षा नापास करण्यासाठी वापरा, पास करण्यासाठी नाही. जाळून वास बघण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धूर तुमच्या छातीत जातो आणि उरलेली राख फक्त ‘खनिज आहे’ एवढेच सांगते.

किलोचा भाव फसवा आहे

खनिज जड असते, कुजणारे प्लास्टिकही पॉलिथिनपेक्षा जड. त्यामुळे किलोवर भाव काढलात तर हमखास चुकाल. चार फूट (1.2 मीटर) रुंद आणि 25 मायक्रॉन जाडीचा पेपर धरा. साध्या पॉलिथिनच्या एका किलोत सुमारे 36 मीटर पेपर मिळतो. 1.3 घनतेच्या खनिजमिश्रित कुजणाऱ्या पेपरचा एक किलो सुमारे साडेपंचवीस मीटरच भरतो. म्हणून भाव मीटरवर काढा.

बेडमधले अंतर पाच फूट असेल तर एकरी अंदाजे 2,650 मीटर पेपर लागतो, म्हणजे 400 मीटरचे सात बंडल. बंडलचे वजनही करा. वरच्याच मापाचे पॉलिथिनचे 400 मीटरचे बंडल सुमारे 11 किलो भरायला हवे, 1.3 घनतेचे साडेपंधरा किलोच्या आसपास. वजन बरेच कमी भरले तर जाडी किंवा लांबी, दोन्हींपैकी एकात काटछाट आहे.

दुसऱ्या पारड्यात पॉलिथिनचा पेपर काढण्याची मजुरी टाका. पीक संपल्यावर वेल, मुळ्या आणि मातीत अडकलेला पेपर ओढणे किती किचकट आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक. कुजणाऱ्या पेपरचा खरा फायदा तिथे आहे. ती मजुरी तुमच्याकडे घरचीच माणसे करत असतील, तर महागड्या पेपरचे गणित बहुधा जमणार नाही.

अनुदानाबद्दल थोडक्यात. फलोत्पादन अभियानातून मल्चिंगला अनुदान मिळते, अर्ज महाडीबीटीवर करायचा. आजवरचे निकष भाजीपाल्यासारख्या तीन-चार महिन्यांच्या पिकाला 25 मायक्रॉन, पपईसारख्या वर्षाच्या पिकाला 50 मायक्रॉन असे प्लास्टिक फिल्म डोळ्यांसमोर ठेवून आहेत. कुजणारा पेपर त्यात बसतो का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून खरेदीच्या आधी लेखी घ्या. पूर्वसंमतीशिवाय घेतलेल्या बिलावर नंतर भांडून उपयोग होत नाही.

बीडच्या रानात तो कसा वागेल

विक्रेत्याचे पत्रक युरोपातल्या ओलसर जमिनीवर बेतलेले असू शकते. आपल्याकडे पाऊस सरासरीने 650 ते 700 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांना ओल लागते. ओल नसेल तर पेपर जमिनीत तसाच पडून राहतो, त्याचा दोष नसतानाही.

जानेवारीत लावलेले टरबूज एप्रिलमध्ये निघाले आणि तुम्ही लगेच नांगरून पेपर गाडला, तरी जूनपर्यंत काहीच घडणार नाही. पावसाच्या तोंडावर रोटाव्हेटरने बारीक करून मातीत मिसळा, सोबत शेणखत द्या. बालाघाटाच्या मुरमाड, हलक्या जमिनीत कुजण्याचा वेग गोदाकाठच्या काळ्या जमिनीपेक्षा कमी असेल हे गृहीत धरा, कारण तिथे ओलही टिकत नाही आणि सेंद्रिय कर्बही कमी.

उलट अडचण पीक उभे असताना येते. ठिबकच्या ओलीत पेपरच्या मातीत दाबलेल्या कडा आधी कुजतात. मधला भाग धड दिसतो, पण मार्च-एप्रिलच्या वावटळीत कडा सुटतात आणि पेपर वेलींवर उलटतो. म्हणून कडा नेहमीपेक्षा खोल दाबा आणि लॅटरल मधोमध ठेवा. पपईसारख्या लांब मुदतीच्या पिकाला, निदान सध्या, हा पेपर घेऊ नका असे माझे स्पष्ट मत आहे.

साठवणुकीचेही भान ठेवा. पीएलए साधारण 55-60 अंशांना मऊ पडते, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात भर दुपारी तेवढी उष्णता होऊ शकते. पुढच्या हंगामासाठी स्वस्तात घेऊन ठेवण्याचा हा माल नव्हे. बंडलवर उत्पादनाची तारीख पाहा, ताजा घ्या, सावलीत आणि कोरडा ठेवा.

आधी दोन बेड, मग एकर

पहिल्या वर्षी एका बंडलापेक्षा जास्त घेऊ नका. दोन बेड कुजणाऱ्या पेपरचे, शेजारी दोन नेहमीच्या पेपरचे. पेपर फाटला तो कुठल्या आठवड्यात, कडेला की मध्ये, तण वर आले का, हे वहीत लिहा. सोबत पेपरचे हातभर तुकडे नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरा, एक पिशवी ठिबकजवळ, एक कोरड्या बांधाकडे. जाळीमुळे तुकडे हरवत नाहीत. दर दोन महिन्यांनी काढून, माती झटकून फोटो घ्या आणि परत पुरा. नुसते तुकडे झाले म्हणजे कुजला असे समजू नका. तुकडे ऑक्सोचेही होतात. अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत ही वही घेऊन गेलात, तर तिथल्या तज्ज्ञांशी बोलणे नेमके होईल.

युनिट टाकणाऱ्यांसाठी

इथे सर्वाधिक पैसा बुडतो, म्हणून जरा सविस्तर.

सुटी पावडर विकत घेऊ नका. नॅनो खनिज पातळ प्लास्टिकात एकसारखे पसरवायला ट्विन-स्क्रू यंत्र लागते. पिशव्यांच्या साध्या ब्लोइंग मशीनमध्ये एकच स्क्रू असतो. त्यात पावडर टाकली की गुठळ्या, भोके आणि फाटलेला फुगा, एवढेच हाती येते. तयार कंपाउंड किंवा मास्टरबॅचचे दाणे घ्या, आणि त्यात मूळ प्लास्टिक पॉलिथिन नाही याची लेखी खात्री घ्या; फिलर मास्टरबॅच सर्रास पॉलिथिनमध्ये केलेला मिळतो आणि एवढ्यानेही तुमचा माल कुजणाऱ्यातून बाद होतो. सुटी पावडर श्वासात जाते हा वेगळा धोका. स्फटिकी सिलिका असेल तर सिलिकोसिसचा.

वाळवण. ओल्या दाण्यातले पीएलए वितळताना तुटते. उत्पादक 250 पीपीएमच्या आत ओल ठेवायला सांगतात, म्हणजे दहा किलोत अडीच ग्रॅमसुद्धा पाणी चालत नाही. पावसाळ्यात उघडी ठेवलेली गोणी म्हणजे वाया गेलेला माल. ड्रायर हा खर्च आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरा.

तापमान आणि खनिजाची निवड. नॅनो माती प्लास्टिकात मिसळावी म्हणून तिच्यावर सेंद्रिय लेप असतो. तो 180-200 अंशांच्या पुढे तुटू लागतो आणि माल पिवळट पडतो. कॅल्शियम कार्बोनेट घेतलेत तर स्टिअरिक आम्लाचा लेप असलेले घ्या. उघडे कार्बोनेट गरम पीएलएची साखळी तोडते. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाने नॅनो कॅल्शियम कार्बोनेट तयार करून पॉलीप्रॉपिलीनमध्ये मिसळण्याचे काम वीस वर्षांपूर्वीच प्रसिद्ध केले आहे. पण तो अनुभव न कुजणाऱ्या प्लास्टिकचा, जसाच्या तसा पीएलएला लावता येत नाही. टाल्क सुरुवातीला सोपे पडते. झिंक ऑक्साइड, चांदी असले जंतुनाशक नॅनो कण मल्चिंग पेपरमध्ये घालू नका. जे जंतू पेपर कुजवणार त्यांनाच तुम्ही मारायला निघालात.

परळीची राख. हा प्रश्न या जिल्ह्यात येणारच. औष्णिक केंद्राची राख सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाने भरलेली आहे, मिळते आहे, मग तीच का नको? एक तर तिचे कण मायक्रॉनच्या मापाचे, नॅनो नव्हेत. ‘नॅनो फ्लाय अ‍ॅश’ करायला दळणाचा खर्च आला. दुसरे म्हणजे राखेत जड धातूंचे अंश असतात आणि कुजणाऱ्या मालाच्या मानकांत त्यांच्यावर मर्यादा आहेत. विटेत राख अडकून राहते. मल्चिंग पेपर कुजला की राख तुमच्याच मातीत मोकळी होते. विटा, ब्लॉक, सिमेंट यांसाठी राख जरूर वापरा, पेपरसाठी नको.

प्रमाणपत्र मिश्रणाला असते. कंपोस्टेबल चाचणीत प्लास्टिकमधल्या कार्बनचा किती भाग वायू होऊन गेला हे मोजतात. खनिज त्यात मोजले जात नाही, ते तसेच उरते. निम्म्याहून जास्त भाग खनिज असेल तर माल मानकात बसतच नाही. दाणे पुरवणाऱ्याचा अहवाल त्याच्या मिश्रणाला आणि ठरावीक जाडीपर्यंतच लागू असतो. तुम्ही वरून दहा टक्के खडू घातलात तर तो अहवाल तुमचा राहत नाही. कुजण्याच्या नव्या चाचणीला सहा महिने लागू शकतात. तेवढे दिवस बँकेचा हप्ता कसा जाणार, याचा विचार कर्ज घेण्याआधी करा.

पिशव्यांबाबत आणखी एक अडचण. केंद्राच्या नियमांत साध्या प्लास्टिक कॅरीबॅगला 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनची अट आहे आणि कंपोस्टेबल पिशवीला जाडीची अट नाही. महाराष्ट्राची 2018 ची बंदी मात्र याहून कडक. तिच्यात रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती. म्हणून बचत गटांनी रोपवाटिकेच्या पिशव्यांपासून सुरुवात करावी हे बरे. बाजारहाटाच्या पिशव्या करायच्या असतील तर आजचा नियम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी घ्या. युनिटला मंडळाची संमती तशीही लागणारच आहे.

ताणशक्ती, जाडी अशा चाचण्यांसाठी जवळचे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतली सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था. मिश्रणाविषयी सल्ला हवा असेल तर जालन्यात 2018 पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (आयसीटी) मराठवाडा संकुल आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. जाताना नमुना आणि दाण्यांचे पत्रक दोन्ही न्या.

फसवणूक झाली तर

शेतकरी ग्राहक नाही, असे विक्रेता म्हणाला तर ऐकून घेऊ नका. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच शेतकरी ग्राहक ठरतो असा निकाल दिला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता पुण्याचा असो की गुजरातचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही वेळा तिथेच मिटते. युनिटसाठी दाणे घेणाऱ्यांची बाजू थोडी नाजूक आहे. व्यापारी हेतूची खरेदी या कायद्याबाहेर जाते. स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेल्या युनिटला मात्र सवलत आहे, तेव्हा तुम्ही स्वतः यंत्रावर काम करता हे दाखवणारी कागदपत्रे ठेवा.

पक्के बिल घ्या आणि त्यावर ‘मल्चिंग पेपर’ एवढेच न लिहू देता ‘मातीत कुजणारा, अमुक मायक्रॉन, बॅच क्रमांक अमुक’ असे लिहून घ्या. बिलात नसलेला दावा आयोगापुढे सिद्ध करणे जड जाते. आणि बंडल उघडल्याच्या दिवशीच लेबलसकट दोन-तीन मीटर पेपर कापून, कागदात गुंडाळून, घरात कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. माल खरा निघाला तर रानातला पुरावा वर्ष-दोन वर्षांत मातीत जाईल. खोटा निघाला तर प्रयोगशाळेत पाठवायला न वापरलेला नमुना लागतो, आणि तो दुकानदार तुम्हाला नंतर देणार नाही.